केल्पवनातील स्कुबा डायव्हिंग

थंड समुद्रात केल्प या महाकाय तपकिरी शैवालाच्या दाटीत हवेचे सिलिंडर घेऊन पाण्याखाली फिरण्याचा छंद. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे उपसागर व चॅनल बेटे, तसेच दक्षिण आफ्रिकेतील फॉल्स बे ही त्याची नावाजलेली ठिकाणे.

केल्प झाडासारखे दिसते, पण त्याची ‘मुळे’ अन्न शोषत नाहीत. ती खडकाला फक्त घट्ट धरून असतात. राक्षसी केल्प ३० मीटरहून उंच वाढते, अनुकूल काळात दिवसाला अर्धा मीटर. प्रत्येक पात्याच्या बुडाशी हवेचा लहानसा फुगा असतो, त्यावर सगळा डोलारा उभा तरंगतो. वर पोचलेली पाती पाण्यावर आडवी पसरून छत धरतात आणि त्यातून उजेडाचे तिरपे झोत खाली येतात.

लाटेबरोबर अख्खे वन एका बाजूला झुकते, मग दुसऱ्या. नवखे त्या ओढीशी झगडून दमतात. लाट नेईल तेव्हा पुढे जावे, परत खेचेल तेव्हा थांबावे. थांबलेल्यालाच इथले खरे दिसते. एखादे पाते निरखले तर त्यावर पांढरी नाजूक जाळी आढळते. ती ब्रायोझोआ या सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असते. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भडक नारिंगी गॅरिबाल्डी माशाचा नर अंडी राखताना पाणबुड्यावरही धावून जातो. सील मागून येऊन पायांतले फिन ओढतात.

पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने पळवते. म्हणून ७ मिलिमीटर जाडीचा वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) व टोपी, किंवा पाणी आत न येऊ देणारा ड्रायसूट घालतात. अडकण्याची भीती मात्र खूप जणांना वाटते. केल्प ओढून सहसा तुटत नाही, मुडपले की कट्कन मोडते. अडकल्यावर गरगर फिरणे सर्वांत वाईट, त्याने वेढे वाढतात. लोंबणाऱ्या नळ्या अंगालगत बांधाव्यात आणि छतातली उजेडाची फट गाठण्यापुरती हवा शिल्लक असतानाच वर यावे.

ही वने झपाट्याने विरळ होत आहेत. २०१३ पासून सूर्यफूल तारामासे रोगाने मेले, त्यामागोमाग समुद्र तापला. हा भक्षक नाहीसा झाल्याने जांभळे सागरी अर्चिन (गोलसर काटेरी प्राणी) माजले आणि त्यांनी केल्प बुडापासून फस्त केले. उत्तर कॅलिफोर्नियात बुल केल्प या जातीचे ९० टक्क्यांहून अधिक छत गेले. मॉन्टेरेजवळच्या टँकर्स रीफवर २०२१ मध्ये हौशी पाणबुड्यांना हे अर्चिन जागीच फोडण्याची परवानगी मिळाली.