बीप न देणारी पाटी: कॉन्टॅक्टचा पीसीबी आणि कपॅसिटिव्ह पीसीबी

बेळगावच्या खडेबाजारात लग्नपत्रिका लावणाऱ्या डीटीपीवाल्याचा जुना टीव्हीएस गोल्ड आणि उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्याच्या माळ्यावर धूळ खात पडलेला आयबीएमचा मॉडेल एफ. दोन्ही कीबोर्ड टकटक वाजतात, दोन्हींच्या पोटात पीसीबी, म्हणजे तांब्याच्या रेघांची सर्किटची पाटी. त्यामुळे दोन्हींची परीक्षाही एकच घेतली जाते: बटण दाबायचं, जोड जुळतो का ते बीप देऊन सांगणारा मल्टिमीटर लावायचा, बीप आली तर जिवंत. मॉडेल एफवर बीप येतच नाही, पाटी धडधाकट असली तरी. मग ‘पाटी गेली’ असा निकाल लागतो आणि गोल्डच्या धर्तीवर नवी पाटी काढायची तयारी सुरू होते. ती चालणं शक्यच नाही.

गोल्डमध्ये चेरी कंपनीचे एमएक्स स्विच असतात. बटण दाबलं की आत धातूची दोन पानं एकमेकांना टेकतात आणि सर्किट पुरं होतं. १९८१ साली पहिल्या आयबीएम पीसीबरोबर आलेल्या मॉडेल एफमध्ये असं टेकणं नाहीच. स्प्रिंग एका बाजूला लचकते, तिच्या पायाशी असलेली कार्बन मिसळलेल्या प्लास्टिकची पट्टी कलंडते आणि पीसीबीवरच्या तांब्याच्या दोन पॅडच्या अगदी जवळ येते. त्यांच्यामधली धारिता (कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता) पिकोफॅरडच्या, म्हणजे अगदी सूक्ष्म, हिशेबात वाढते, आणि पाटीवरचं सर्किट तेवढंच हेरतं. (१९८५ पासूनच्या मॉडेल एममध्ये स्प्रिंग तशीच, पण खाली प्लास्टिकचे तीन पडदे. त्याची गोष्ट वेगळी.)

गोल्डसारखी पाटी नव्याने काढणं म्हणजे बरंचसं मोजमापाचं काम. शेजारशेजारच्या बटणांचं अंतर १९.०५ मिमी, स्विचच्या मधल्या खुंटीला ४ मिमीचं भोक, आणि स्क्रूच्या जागा चुकवायच्या नाहीत. ट्रॅक (तांब्याची रेघ) कुठूनही फिरवा, योग्य रो आणि कॉलमला, म्हणजे बटणांच्या आडव्या-उभ्या ओळीच्या तारेला, पोचला म्हणजे झालं. रिकाम्या जागेत ग्राउंडचं तांबं भरलं तरी बिघडत नाही. काही ठराविक तीन बटणं एकदम दाबली की न दाबलेलं चौथं उमटतं, त्यावर उपाय म्हणून प्रत्येक बटणामागे १एन४१४८ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) टाकता येतो. मात्र जुनाच कंट्रोलर (दाबलेलं बटण ओळखणारी चिप) ठेवणार असाल तर तो रो-कॉलम कोणत्या बाजूने तपासतो (स्कॅन करतो) ते आधी पाहा. डायोड उलटे बसले तर सगळा कीबोर्ड मुका. पाटी बनवायला देण्याआधी नकाशा कागदावर एकास एक मापात काढून स्विचच्या जागांवर ठेवून बघा, निम्म्या चुका तिथेच पकडल्या जातात.

मॉडेल एफच्या पाटीवर मात्र तांब्याचा आकार हाच एक पार्ट आहे. पॅड लहान झाला तर इशारा क्षीण, शेजारी ग्राउंड भरला तर तो इशाराच खाऊन टाकतो. डायोड लागत नाहीत आणि टाकूही नयेत. वरचा सोल्डर मास्क (पाटीवरचा रंगाचा थर) गोल्डमध्ये निव्वळ संरक्षणाला असतो, इथे तो पट्टी आणि तांबं यांच्यामधला इन्सुलेटर म्हणून काम करतो. लोक फसतात ते इथेच: किकॅड या पाटी आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये साधा पॅड ठेवला की त्याच्यावरचा मास्क आपोआप उघडा राहतो. म्हणून तो पॅड म्हणून न ठेवता तांब्याचा नुसता आकार म्हणून काढायचा, म्हणजे मास्क वरून झाकला जातो. पाटीची जाडी अंदाजाने धरू नका. वाकवलेल्या पोलादी पत्र्यांमध्ये ती दाबून बसते, तेव्हा व्हर्नियर लावा. 

कंट्रोलरमध्येही हाच फरक. गोल्डच्या मॅट्रिक्सला (रो-कॉलमच्या जाळीला) कुठलाही स्वस्त मायक्रोकंट्रोलर आणि क्यूएमके हे कीबोर्डसाठीचं मोफत फर्मवेअर पुरतं. मॉडेल एफला पल्स सोडून परत आलेला इशारा मोजणारं सर्किट आणि दाबलं-न दाबलं ठरवणारी उंबरठ्याची पातळी लागते. मूळचा इंटेल ८०४८ आणि त्याच्या सोबतची सेन्सिंगची चिप शाबूत असतील तर ती काढून टाकायची घाई कशाला?

आणि माझं मत विचाराल तर मॉडेल एफची पाटी बदलायची वेळ फार क्वचित येते. पत्र्यांमधला फोम वर्षानुवर्षांनी भुगा होतो, त्यामुळे पट्ट्या नीट बसत नाहीत आणि बटणं मुकी होतात. शिवाय बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यातल्या दमटपणाने पॅडवर ओलसर मळ धरतो. फोम बदला, पाटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. त्यानंतरही एखादी अख्खी ओळ मुकी राहिली तर ट्रॅक भिंगाखाली धरा. तांबं हिरवं पडून तुटलं असेल आणि बारीक तार जोडूनही भागत नसेल, तेव्हा नवी पाटी काढा. तीसुद्धा आधी चार-पाच पॅडचा लहान तुकडा छापून, त्यावर इशारा मिळतो का ते बघून.