ईसॉप आणि ईसॉप: एकाच नावाच्या दोन वेगळ्या योजना

हिंजवडी किंवा खराडीतील एखाद्या कंपनीचे नेमणूकपत्र हाती पडलेल्या तरुणाला ‘ईसॉप’ हा शब्द आता नवा राहिलेला नाही. पगाराच्या आकड्याखाली ऑप्शनचा आणखी एक आकडा असतो, चार वर्षांत ते टप्प्याटप्प्याने व्हेस्ट होतील, म्हणजे वापरण्याजोगे होतील, असे लिहिलेले असते, आणि ‘तुम्हीही आता कंपनीचे मालक’ असे तोंडी सांगितले जाते. कर्मचाऱ्यांच्या मालकीच्या कंपन्यांत माणसे टिकतात आणि उत्पादकता वाढते, असे दाखलेही दिले जातात. हे दाखले बहुतेक वेळा अमेरिकेतील ईसॉपचे असतात, आणि ती योजना अगदी निराळी आहे. आद्याक्षरे तीच असली, तरी भारतात त्यातला ‘ओ’ ऑप्शनचा आहे (एम्प्लॉयी स्टॉक ऑप्शन प्लॅन) आणि अमेरिकेत ओनरशिपचा, म्हणजे मालकीचा (एम्प्लॉयी स्टॉक ओनरशिप प्लॅन).

भारतातील ईसॉप म्हणजे ठरलेल्या किमतीला पुढे शेअर विकत घेण्याचा हक्क. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम ६२नुसार भागधारकांच्या ठरावाने तो देता येतो, आणि हक्क दिल्यापासून तो व्हेस्ट होईपर्यंत किमान एक वर्ष जावे लागते. कर्मचारी पैसे भरून प्रत्यक्ष शेअर घेत नाही तोवर त्याला मताचा अधिकार नसतो आणि लाभांशही मिळत नाही. म्हणजे नेमणूकपत्र मिळाल्या दिवशी तो मालक झालेला नसतो, मालक होण्याची संधी त्याच्या नावावर लिहिली गेलेली असते. शिवाय शेअर घेताना त्या दिवशीचे मूल्य आणि ठरलेली किंमत यांतील फरक पगारासारखा करपात्र ठरतो. समजा, ठरलेली किंमत १० रुपये आहे आणि मूल्य ५०० रुपये झाले आहे; तर दर शेअरमागे ४९० रुपयांवर कर भरावा लागतो, आणि कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसेल तर तो कर भरण्यासाठी शेअर विकायला गिऱ्हाईकही सहज सापडत नाही. २०२०च्या अर्थसंकल्पाने ही करवसुली पुढे ढकलण्याची मुभा दिली, पण ती पात्र ठरणाऱ्या स्टार्टअपपुरतीच.

कंपनीच्या बाजूने मात्र या योजनेचे गणित चोख आहे. रोख रक्कम हाताशी नसताना ती भविष्यातील वाढीचा वाटा देऊन चांगली माणसे मिळवते आणि व्हेस्टिंगच्या काळापुरती त्यांना धरून ठेवते. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसने शेअर बाजारात नोंदणी झाल्यानंतर लगेचच, १९९४मध्ये अशी योजना आणली, आणि पुढे शेअरचा भाव चढत गेला तसे अनेक साधे पगारदार सधन झाले. मात्र हा फायदा भाव चढण्यावर टांगलेला आहे. भाव ठरलेल्या किमतीखाली गेला की ऑप्शन निव्वळ कागद उरतो. आणि चढलेल्या भावाने शेअर विकून पैसे हाती आले, की धरून ठेवणारा दोरही सुटतो.

अमेरिकेतील ईसॉपचा उगम वेगळ्या अडचणीत आहे. वकील आणि अर्थचिंतक लुई केल्सो यांनी १९५६ साली कॅलिफोर्नियातील एका वृत्तपत्र कंपनीच्या निवृत्त होणाऱ्या मालकांसाठी वाट काढली: कर्मचाऱ्यांच्या वतीने एक ट्रस्ट स्थापन करावा, कंपनीच्या पुढच्या कमाईतून फिटेल असे कर्ज काढून त्याने मालकांचे शेअर विकत घ्यावेत. १९७४च्या निवृत्तिवेतन कायद्याने या कल्पनेला पक्की चौकट दिली. तेथे कर्मचारी सहसा खिशातून काहीच देत नाही. ट्रस्टमधील शेअर साधारणपणे पगाराच्या प्रमाणात त्याच्या खात्यावर चढत जातात, खासगी कंपनीत दरवर्षी स्वतंत्र मूल्यांकन होते, आणि तो नोकरी सोडतो किंवा निवृत्त होतो तेव्हा ते शेअर त्या मूल्याला परत घेण्याची जबाबदारी कंपनीवर असते. यंत्रावर काम करणारा आणि हिशेबनीस, दोघेही या योजनेत येतात. भारतात ऑप्शन कोणाला द्यायचे हे कंपनी निवडते, त्यामुळे ते बहुधा वरच्या आणि दुर्मिळ कौशल्याच्या लोकांपर्यंतच पोहोचतात.

अमेरिकन योजनेत कंपनीचा सर्वांत मोठा लाभ वारसा चालण्याचा आहे. ओरेगॉन राज्यात धान्ये आणि पिठे विकणाऱ्या बॉब्ज रेड मिलचे संस्थापक बॉब मूर यांनी २०१०मध्ये, आपल्या ८१व्या वाढदिवशी, कंपनी कर्मचाऱ्यांच्या ईसॉपकडे सोपवायला सुरुवात केली. कंपनी प्रतिस्पर्ध्याच्या घशात गेली नाही आणि गिरणी जागच्या जागी राहिली. ट्रस्टकडे किमान ३० टक्के शेअर गेल्यास विकणाऱ्या मालकाला ठरावीक अटींवर भांडवली नफ्यावरचा कर पुढे ढकलता येतो, हे प्रलोभनही लहान नाही.

उत्पादकतेचा दावा मात्र जपून करावा. ट्रस्टमधील शेअरचे मत बहुतेक बाबींत विश्वस्त देतो, कर्मचारी नव्हे; त्यामुळे नुसत्या खात्यावर शेअर चढल्याने कोणी मन लावून काम करू लागत नाही. मिसुरीतील स्प्रिंगफिल्ड रीमॅन्युफॅक्चरिंग या कारखान्याने १९८३मध्ये मूळ कंपनीपासून वेगळे झाल्यावर मालकीच्या जोडीला हिशेबाची वही कामगारांपुढे उघडी केली, आकडे वाचायला शिकवले, आणि मगच मालकीचा परिणाम कामात दिसला. उलट बाजूला युनायटेड एअरलाइन्स आहे. १९९४मध्ये वैमानिक आणि यंत्रतंत्रज्ञांनी पगारकपात पत्करून ५५ टक्के मालकी घेतली, व्यवस्थापनाशी भांडण मात्र जुनेच राहिले, आणि २००२च्या डिसेंबरात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. नोकरी आणि म्हातारपणाची पुंजी एकाच टोपलीत ठेवण्याची ही जोखीम अमेरिकन पद्धतीची खरी दुखरी नस आहे. शेअर परत घेण्याचे बंधनही कंपनीला जड जाते, विशेषतः एकाच वयाचे अनेक जण एकदम निवृत्त होतात तेव्हा.

आपल्याकडे अमेरिकन धाटणीची मोठी मालकी उभी करण्यास जागा कमी आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या २०२१च्या नियमांनुसार नोंदणीकृत कंपनीच्या कर्मचारी ट्रस्टला इतर भागधारकांकडून वर्षाला भरणा झालेल्या भांडवलाच्या २ टक्क्यांपर्यंतच शेअर घेता येतात आणि समभाग-योजनांसाठी अशा खरेदीची एकूण मर्यादा ५ टक्के आहे. मालकाला कर पुढे ढकलून देणारी अमेरिकेसारखी सवलतही नाही. त्यामुळे चाकण किंवा इचलकरंजीतील ज्या कारखानदाराची मुले परदेशी स्थिरावली आहेत, त्याच्या ‘माझ्यामागे कारखाना कोणाकडे’ या प्रश्नाला भारतीय ईसॉप उत्तर देत नाही; तो प्रश्न सोडवण्यासाठी ही योजना घडवलेलीच नाही.