काळ्या गाडीवरचे चरे: पॉलिशला आणण्याआधी एवढं वाचा

काळी, गडद निळी किंवा मरून गाडी घेतलेले बहुतेक ग्राहक एकच तक्रार घेऊन येतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी चकाचक दिसते, पण उन्हात उभी केली की बॉनेटवर गोल गोल चऱ्यांचं जाळं दिसतं. मग पुढचा प्रश्न येतो, ‘एकदा रबिंग (मशीनने घासून पॉलिश) मारून द्या, जाईल ना?’

जाईल. पण ते जाळं आलं कशामुळे हे कळल्याशिवाय पॉलिश करून घेतलंत तर तीन-चार महिन्यांत गाडी पुन्हा तशीच दिसेल, आणि त्या वेळी आमच्याही हातात फारसं काही उरलेलं नसेल.

पांढऱ्या गाडीवरही इतकेच चरे असतात. चऱ्याच्या कडेवर पडलेला प्रकाश विखुरतो; पांढऱ्या रंगावर तो मिसळून जातो, काळ्यावर मात्र उठून दिसतो. चरे खरं तर सरळ, आडवे-तिडवे, कुठल्याही दिशेचे असतात. सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल फिरणारे तेवढेच चरे प्रकाश आपल्या डोळ्याकडे परतवतात, म्हणून ते वर्तुळासारखे भासतात. त्यामुळे ‘गोल पुसू नकोस, सरळ पूस’ असं पुसणाऱ्याला सांगून काही साधत नाही.

नुकसान होतं ते कोरड्या फडक्यामुळे. रात्रभर गाडीवर बसलेल्या धुळीत वाळूचे आणि बांधकामाचे बारीक कण असतात. वाळूतलं क्वार्ट्झ हे खनिज गाडीच्या क्लिअर कोटपेक्षा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा, कितीतरी कठीण असतं. सकाळी त्या धुळीवरून फडकं फिरलं की प्रत्येक कण एक बारीक चरा ओढत जातो. गाडी पुसणारे दादा एकाच बादलीत, एकाच फडक्याने दहा-पंधरा गाड्या करतात, म्हणजे शेजाऱ्याच्या चाकावरची मातीही तुमच्या दारावर येते. यात त्यांना दोष देण्यात अर्थ नाही; पाणी तेवढंच मिळतं आणि मालकांना गाडी रोज पुसलेली हवी असते. त्यांना एवढंच सांगा, ‘रोज फक्त काचा आणि आरसे पुसा, बॉडीला हात लावू नका.’ धूळ बसलेली गाडी खराब होत नाही, धुळीसकट पुसलेली होते. धुळीवरच कव्हर घातलं तर वाऱ्याने हलून तेही तेच काम करतं. मोरपिसासारखा मऊ झाडणाही त्याला अपवाद नाही.

आता रबिंगबद्दल. कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. पॉलिश म्हणजे चरा भरणं नव्हे. चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट उतरवायचा, तेव्हा चरा जातो. उतरवलेला थर परत येत नाही. ऊन अडवणारी द्रव्यं याच थरात असतात. तो फार पातळ झाला की रंग फिका पडतो, पुढे पापुद्रे सुटतात, आणि मग पॅनल रंगवण्याखेरीज इलाज राहत नाही.

म्हणून ‘दरवर्षी दिवाळीला एक रबिंग’ ही मागणी आम्ही घेत नाही. काही ग्राहक नाराज होतात, तरीही घेत नाही. गाडी आली की आधी धुऊन क्ले (रंगात रुतलेली घाण उचलणारी चिकणमातीसारखी वडी) फिरवतो आणि गेज या मापकाने प्रत्येक पॅनलवरच्या रंगाची जाडी मोजतो. साधा गेज प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही, शिवाय प्लॅस्टिकमध्ये उष्णता साठते, म्हणून बंपरवर आम्ही हात राखूनच काम करतो. मग बॉनेटवर दोन फुटांचा एक चौकोन आखून सर्वात मऊ फोम पॅड आणि सर्वात सौम्य पॉलिशने सुरुवात करतो. त्याने भागलं तर पुढे जात नाही. नख अडकतं असा खोल चरा मुद्दाम ठेवतो; त्याच्या कडा थोड्या बोथट केल्या की तो कमी दिसतो, तेवढं पुरे. पॅनलच्या कडा आणि बॉडी लाइनवर रंग आधीच पातळ असतो, तिथे टेप लावतो. पूर्ण गाडीला दोन दिवस लागतात ते यामुळे.

‘अमुक ठिकाणी दोन तासांत करून देतात’ हेही नेहमी ऐकतो. लोकरीचा पॅड, जाड कंपाऊंड आणि गोल फिरणारं मशीन घेतलं की दोन तासांत चमक येते. त्यावर तेलकट ग्लेझ मारलं की उरलेले चरे आणि मशीनचे नवे पट्टे दोन्ही झाकले जातात. दोन-तीन धुण्यांत ते तेल उतरतं आणि सगळं परत दिसायला लागतं. आम्ही प्रत्येक पॅनल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, तेल काढून, लाइटखाली तुम्हाला दाखवतो. कुठेही काम करून घेतलंत तरी एवढं मागून बघा.

घरी करायचं असेल तर ड्युअल ॲक्शन मशीन (पॅड फिरवता फिरवता हलवणारं, रंगाला कमी धोका असलेलं), मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश घ्या. सावलीत, पत्रा गार असताना, एका वेळी छोटा भाग करा. हाताने कंपाऊंड घासू नका, टूथपेस्ट तर नकोच. पॅड, मायक्रोफायबर आणि पॉलिश आमच्याकडे सुटं मिळतं. एका शनिवारी जुन्या बॉनेटवर मशीन धरून बघायचं असेल तर फोन करून या, त्याचे पैसे घेत नाही.

सिरॅमिक कोटिंगने, म्हणजे रंगावर लावायच्या कडक पारदर्शक थराने, चरे जात नाहीत. चऱ्यांवर लावलं तर ते चरे तसेच कोटिंगखाली राहतात. डब्यावरचं ९ एच हे पेन्सिलच्या कठीणपणाचं माप आहे, वाळूपुढे ते टिकत नाही. कोटिंगमुळे धूळ कमी चिकटते आणि गाडी लवकर धुऊन होते, हा फायदा खरा आहे. म्हणून पॉलिशनंतर आम्ही ते सुचवतो, पण कोरडं पुसणं थांबणार नसेल तर त्यावर खर्च करू नका असंही सांगतो.

धुताना आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहू द्या. मग दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) खळबळायला साधं पाणी. वरून खाली या, चाकांचं फडकं वेगळं ठेवा. कपड्यांची पावडर नको. बोअरचं पाणी अंगावर सुकू देऊ नका, क्षारांचे पांढरे डाग बसतात आणि मुरले तर तेही शेवटी पॉलिशनेच काढावे लागतात. एप्रिल-मेमध्ये टँकरवर दिवस निघत असतील तर रिन्सलेस वॉश (पाण्यात मिसळायचं, नंतर धुवून काढावं न लागणारं द्रव) वापरा. एक बादली पुरते, मात्र प्रत्येक पॅनलला स्वच्छ टॉवेल हवा.

दसऱ्याला पूजा जरूर करा, पण हळदकुंकवाचं स्वस्तिक बॉनेटऐवजी काचेवर काढा. वाळलेलं कुंकू कोरडं पुसू नका, पाण्याने सोडवा. झेंडूच्या तोरणाची तार रंगावर घासणार नाही अशी बांधा. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आमच्याकडे याच कामाची रांग लागते.

गाडी आणताना मळलेलीच आणा. येण्याआधी पुसून किंवा सिलिकॉन स्प्रे मारून आणलीत तर तो थर काढण्यात आमचा अर्धा दिवस जातो आणि खरे चरे तोवर दिसतच नाहीत. एखादं दार किंवा बंपर आधी रंगवलेला असेल तर तेही सांगा, कारण त्या रंगाला वेगळा पॅड लागतो.