नरसाळं वेगळं, कप वेगळा

जळगावहून रात्रीच्या गाडीने पुण्याला निघणाऱ्या बायकांच्या पर्समध्ये हल्ली कागदी नरसाळ्याचं पाकीट सापडतं. घडी उघडायची, अंगाला धरायचं, उभ्याउभ्या मोकळं व्हायचं आणि फेकून द्यायचं. ढाब्यामागच्या कडी नसलेल्या, ओल्या संडासात टेकायची वेळ येत नाही, एवढ्या एका कारणासाठीसुद्धा ते जवळ असावं. त्यातलाच प्लास्टिकचा, धुऊन पुन्हा वापरायचा प्रकार म्हणजे ब्रिटनची ‘शीवी’. आणि शीवी शोधायला गेलं की शेजारी हमखास दिसते ती डच बनावटीची ‘शी-पी’. तीही बायकांसाठीच, तीही कपासारखी, तिलाही खाली तोटी. शिरपूरची माझी भाची स्कॉटलंडला शिकायला गेली आणि तिथे ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरणारा पोशाख, घालून समुद्रात डायव्हिंग करायला लागली. तिने फोनवर विचारलं, ‘मावशी, पाण्याखाली लघवी लागली तर सूट उघडता येत नाही. तुझ्याकडचं ते नरसाळंच आत लावलं तर?’

नाही चालणार.

आपल्याकडे स्कूबा म्हणजे मालवण-तारकर्ली. तिथलं पाणी कोमट, त्यामुळे हा प्रश्न कुणाला पडतच नाही. वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, असला तरी त्यात पाणी शिरतंच. त्यात लघवी झाली तर ती पाण्यात मिसळून जाते. जगभरचे डायव्हर हे करतात आणि विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणतात. ड्रायसूटचं तसं नाही. गळ्याला आणि मनगटांना घट्ट सील, पायात सूटलाच जोडलेले मोजे किंवा बूट, पाण्याला आत वाव नाही. आत फ्लीसचे किंवा लोकरी कपडे, आणि त्यांत अडकलेल्या हवेवर सगळी ऊब. ते कपडे भिजले की ऊब गेली. पाणी सात-आठ अंशांचं असेल तर डायव्ह तिथेच आटोपती घ्यावी लागते.

मग तासभर धरून ठेवावी, असं कुणाला वाटेल. आपल्याकडच्या बायकांना ती सवय आहेच. कापूस वेचायला जायचं, लग्नाला जायचं, एसटीने नंदुरबारला जायचं, तर सकाळपासून तोंडाला पाणी लावायचं नाही. पण थंड पाण्यात शरीर वेगळंच वागतं. मे महिन्यात भुसावळला तांब्यांवर तांबे रिचवले तरी लघवीला जावंसं वाटत नाही, कारण पाणी घामावाटे जातं. समुद्रात उतरलं की पाण्याच्या दाबाने आणि थंडीने हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं. हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि शरीराला वाटतं, आपल्यात पाणी जास्त झालं. लघवी रोखणारं संप्रेरक कमी होतं, लघवी वाढवणारं वाढतं आणि मूत्रपिंडं जोरात कामाला लागतात. म्हणजे सकाळी फक्त कपभर चहा घेतलेली बाईसुद्धा अर्ध्या-पाऊण तासात कासावीस होऊ शकते. शिवाय पाणी न पिता उतरणं तर आणखी वाईट. अंगात पाणी कमी असणं ही डीकम्प्रेशनच्या आजाराला, म्हणजे वर येताना रक्तात वायूचे बुडबुडे धरण्याला, पोषक गोष्ट मानली जाते. तेव्हा लग्नाच्या दिवसाची ती युक्ती इथे नको.

आता त्या दोन वस्तू. नरसाळ्याला हात लागतो आणि उतार लागतो. आपण उभ्या असतो, एका हाताने ते अंगाशी दाबून धरलेलं असतं आणि धार खाली वाहते. कड अंगाला चिकटलेली नसते, फक्त टेकलेली असते. हात जरा ढिला पडला की सलवार भिजते, हे वापरलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. बंद ड्रायसूटमध्ये हात आत जात नाही. पाण्यात शरीर आडवं असतं, कधी डोकं खाली, पाय वर. उतार नाही आणि धरायला हातही नाही. सगळं कपड्यांत. कायाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, चालवणाऱ्या बायका ड्रायसूटवरही नरसाळं वापरतात, पण ते पाण्यावर, सूटची चेन उघडून.

शी-पी हात आणि उतार या दोन्हींशिवाय चालते, कारण ती चिकटवलेली असते. मऊ सिलिकॉनचा कप, त्याच्या कडेला त्वचेवर चालणारा वैद्यकीय गोंद, आणि तो लघवीच्या जागेभोवती बसवायचा. त्यासाठी तिथले केस काढावे लागतात, त्वचा कोरडी लागते, गोंदाला थोडा वेळ द्यावा लागतो. हे काम बोटीवर घाईत होत नाही, घरूनच करून निघावं. कपाच्या तोटीला नळी, ती आतल्या कपड्यांतून मांडीपर्यंत, आणि तिथे सूटला भोक पाडून बसवलेला पी-व्हॉल्व्ह. लघवी बाहेर जाते, समुद्राचं पाणी आत येत नाही. नळीला कुठे मुडप पडली तर मात्र लघवी तुंबते आणि त्या जोराने कपाची कड सुटते. म्हणून पहिली चाचणी न्हाणीघरातच करावी, आडवं पडून, वाकून, बसून.

व्हॉल्व्हचेही दोन प्रकार, साधा आणि बॅलन्स्ड, आणि शिकाऊ मुली घोटाळतात त्या इथेच. ज्यांच्या मळ्यात ठिबक आहे त्यांना हे लगेच कळेल. मोटर बंद झाली की पाईपमध्ये पोकळी होते आणि ड्रिपरमधून माती आत ओढली जाते. ते होऊ नये म्हणून आपण एअर व्हॉल्व्ह लावतो. पाण्यात खाली जाताना नळीतल्या हवेचं तेच होतं. तीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट, म्हणजे हवेची जागा पावपट. साध्या व्हॉल्व्हमध्ये ही कसर भरायला काही नसतं, आणि कप नाजूक कातडी ओढू लागतो. बॅलन्स्ड व्हॉल्व्ह सूटमधली हवा नळीत येऊ देतो, त्यामुळे ओढ बसत नाही. साधाच असेल तर उतरायच्या सुरुवातीलाच थोडी लघवी करून नळी भरून घेतात. माझं मत विचाराल तर बाईने बॅलन्स्डच घ्यावा.

आणि डायपर? त्याला भोक नको, गोंद नको. एखाद-दुसऱ्या छोट्या डायव्हपुरता तो ठीकच आहे. पण सूट अंगावर आवळला की भरलेला डायपर पिळला जातो, आणि मांडीला पुरळ येतं ते वेगळंच. भाचीला ऑर्कनी बेटांजवळच्या स्कापा फ्लोमध्ये जायचंय, जिथे १९१९ साली जर्मन नौदलाने आपलीच जहाजं बुडवली. दिवसभर बोटीवर आणि दोन डायव्ह, तेव्हा मी तिला कपच सुचवला.

कागदी नरसाळं वापरलं की कचऱ्यात जातं, कपाचा व्याप मात्र नंतरही उरतो. कप कोमट पाण्याने, हळूहळू सोडवायचा. नळी आणि व्हॉल्व्ह जंतुनाशकाने धुऊन, साध्या पाण्याने खळखळून, वाळवून ठेवायचे. २०१८ मध्ये थायलंडच्या गुहेतून मुलांना बाहेर काढणाऱ्या पथकात असलेले ऑस्ट्रेलियाचे भूलतज्ज्ञ रिचर्ड हॅरिस यांनी २००९ मध्येच पी-व्हॉल्व्ह वापरणाऱ्या डायव्हरांना मूत्रमार्गात झालेल्या संसर्गाबद्दल आणि दाबाच्या इजेबद्दल लिहून ठेवलंय. बायकांचा मूत्रमार्ग मुळातच आखूड, जंतूंना वाट जवळची. सुट्टीत शिरपूरला आल्यावर जळजळ झाली किंवा थंडी वाजून ताप आला, तर डॉक्टरांना नुसतं ‘उन्हाळी लागली’ म्हणू नये. पाण्याखाली नळी लावली होती आणि तिचं दुसरं टोक समुद्रात होतं, हे सांगावं. तिथल्या डॉक्टरांच्या ते आपणहून ध्यानात यायचं नाही.