हादरा नेमका किती? गुडघेबदलानंतरच्या कंपन-उपचाराची पार्श्वभूमी

गुडघा बदललेल्या रुग्णाला थरथरणाऱ्या फलकावर उभे करण्याची कल्पना सांधेबदलाच्या शस्त्रक्रियेतून निघालेली नाही. ती आली हाडांच्या अभ्यासातून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये कंपवाताच्या रुग्णांना हादरणाऱ्या खुर्चीत बसवत, कारण आगगाडीच्या लांब प्रवासानंतर आपल्याला बरे वाटते असे रुग्णच सांगत. त्याच सुमारास, १८९२ मध्ये, हाड भाराप्रमाणे स्वतःची रचना बदलते हा सिद्धांत ग्रंथरूपात आला. पुढे अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते हे दिसले, आणि भाराविना हाड झिजत असेल तर कृत्रिम हादऱ्याने ते टिकवता येईल का, हा प्रश्न जोर धरू लागला.

खरी कलाटणी २००१ ची. प्रौढ मेंढ्यांचे मागचे पाय वर्षभर, रोज २० मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, ३० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ३० वेळा, हलवण्यात आले. हादरा गुरुत्वाकर्षणाच्या ०.३ पट, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकातील जाळीदार भागाची घनता तुलनेच्या मेंढ्यांपेक्षा सुमारे ३४ टक्के जास्त भरली. या एका आकड्यावर फलकांचा मोठा बाजार उभा राहिला.

घोळ इथूनच सुरू होतो. बाजारात आलेले बहुतेक फलक मेंढ्यांच्या प्रयोगातले नव्हतेच. हादऱ्याची तीव्रता फलक किती सरकतो आणि सेकंदाला किती वेळा, या दोन्हींवर ठरते. वारंवारता दुप्पट केली की तीव्रता चौपट होते. ३० हर्ट्झला ०.३ पट हादरा हवा असेल तर फलक मध्यापासून मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाही हलत नाही. तोच फलक दोन मिलिमीटर हलवला तर हादरा सात पटींच्या वर जातो. त्यातही काही फलक सपाट वर-खाली होतात, काही सी-सॉसारखे डावी-उजवीकडे झुकतात. तरी या सगळ्यांना नाव एकच, ‘व्हायब्रेशन थेरपी’. एका यंत्राचा निष्कर्ष दुसऱ्याच्या जाहिरातीत सर्रास वापरला गेला.

माणसांवरचे निकाल त्यामुळे एका रेषेत येत नाहीत. २००४ मध्ये ३५ ते ४० हर्ट्झच्या जोरदार फलकावर सहा महिने व्यायाम केलेल्या, रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांच्या खुब्याची घनता एक टक्क्याहून थोडी कमीच वाढली. २०११ मध्ये मात्र २०२ स्त्रियांच्या चाचणीत वर्षभर ०.३ पट हादरा देऊनही घनतेत फरक पडला नाही. माझ्या मते हाडांच्या बाबतीतला मूळ उत्साह तिथेच ओसरायला हवा होता. तो ओसरला नाही; त्याने स्नायूंकडे मोर्चा वळवला.

गुडघेबदलाशी संबंध येतो तो याच वळणावर. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निम्म्याहून अधिक घटते. स्नायू बारीक होतो हे खरे, पण मोठे कारण वेगळे आहे: सुजलेल्या सांध्याकडून येणारे संदेश स्नायूला पूर्ण आकुंचन पावू देत नाहीत. कंपनाने हा अडसर दूर व्हावा, ही आशा. शिवाय धातूचा भाग भार स्वतःवर घेत असल्याने त्याच्यामागचे हाड विरळ होते. म्हणजे ज्याच्या हाडांची घनता आधीच कमी, त्या रुग्णाला दुहेरी फटका. २०१० च्या एका छोट्या चाचणीत, केवळ १६ जणांत, कंपन आणि नेहमीचा ताकदीचा व्यायाम यांचा परिणाम जवळपास सारखाच आला. यंत्र विकणाऱ्यांनी त्याचा अर्थ ‘उपयोग होतो’ असा लावला; ‘व्यायामापेक्षा जास्त होत नाही’ हाही अर्थ तितकाच खरा होता. गुडघा आपोआप वाकवणाऱ्या यंत्रांच्या बाबतीतही हेच घडले होते: आधी सगळीकडे वापर, मग शंका.

कमी घनतेच्या रुग्णांची अडचण आणखी वेगळी. फलकांच्या माहितीपत्रकांत ‘कोणी वापरू नये’ या यादीत नुकतेच बसवलेले कृत्रिम सांधे आणि तीव्र अस्थिविरळता (ऑस्टिओपोरोसिस), दोन्ही सर्रास आढळतात. ज्यांच्यासाठी उपचार सुचवला जातो तेच यादीतून बाद. ही यादी चाचण्यांतून कमी आणि सावधगिरीतून जास्त आली आहे. भीती प्रामुख्याने सांधा सैल होण्याची: सिमेंटविना बसवलेल्या सांध्यात हाड धातूला धरायचे असेल तर दोघांमधली हालचाल साधारण ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत राहावी लागते, आणि ती १५० च्या पुढे गेली तर हाडाऐवजी तंतुमय ऊतक तयार होते. मात्र फलक जितका हलतो तितकी हालचाल गुडघ्यात होत नाही. वाटेत घोटा आणि पोटरी बराच हादरा शोषून घेतात. शिवाय विरळ हाडाच्या रुग्णांत सांधा बहुधा सिमेंटनेच बसवतात, आणि सिमेंट हाड धरण्याची वाट पाहत नाही.