ट्रक पुलाखाली का फसतो? नागपूरच्या बुटक्या रेल्वेपुलांची पार्श्वभूमी

रेल्वेपुलाखाली ट्रक फसल्याची बातमी आली की पहिला दोष ड्रायव्हरच्या माथी जातो. फलक दिसला नाही का, डोळे कुठे होते, प्यायला होता का? काही वेळा त्यात तथ्य असतेही. पण ड्रायव्हर वेगळा, गाडी वेगळी, गाव वेगळे आणि धडक मात्र पुलाच्या त्याच लोखंडी तुळईला, म्हणजे गर्डरला, असे वारंवार घडू लागले की कारण माणसापेक्षा जागेत शोधावे लागते. नागपुरात ते शोधायला निघालो तर थेट १८६७ सालापर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळहून येणारा मार्ग नागपूरला पोहोचला. पुढे बंगाल नागपूर रेल्वेने पूर्वेकडचा मार्ग हाती घेतला, विसाव्या शतकात इटारसीची दिशाही उघडली आणि १५ जानेवारी १९२५ रोजी आजच्या मुख्य स्टेशनच्या इमारतीचे उद्घाटन झाले. चारही दिशांचे रूळ एका शहरात येऊन मिळाले. याचा अभिमान नागपूरकरांना आहे आणि तो रास्तच आहे. पण रूळ शहराच्या कडेने गेले नाहीत, मधून गेले. पूर्वेला महाल आणि इतवारी, पश्चिमेला सीताबर्डी आणि सिव्हिल लाइन्स, आणि मध्ये लोखंडाची ही रेघ. इतवारीचा माल सीताबर्डीकडे न्यायचा तर रूळ ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही.

ओलांडायचे कसे, हे जमिनीने ठरवले. जिथे जमीन खोलगट होती तिथे रुळांसाठी मातीचा भराव घातला गेला आणि रस्ता त्याखालून गेला. लोहापूल आणि कामठी रस्त्यावरचा गड्डीगोदामचा पूल या जातीचे. जिथे रूळच खाली राहिले तिथे रस्ता वरून गेला. अजनीचा ब्रिटिशकालीन पूल त्या जातीचा, आणि ज्या पुलाची जागा रामझुला या नव्या पुलाने घेतली तो जुना पूलही. वरून जाणाऱ्या पुलाला चिंता वजनाची, खालून जाणाऱ्याला उंचीची. आपला विषय खालून जाणाऱ्या रस्त्याचा आहे.

भरावाखालून रस्ता काढणाऱ्या इंजिनिअरसमोर तेव्हा कोणती वाहने होती? टांगे, घोडागाड्या आणि बैलांच्या बंड्या. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली आणि विदर्भाचा कापूस या शहराकडे आणखी जोराने ओढला गेला. तो येत होता बैलांच्या बंडीतून. कापसाची भरलेली बंडी बघायला मोठी दिसते, तरी आजच्या कंटेनर ट्रेलरच्या जवळपासही ती येत नाही. पुलाची उंची एक फुटाने वाढवायची म्हणजे दोन्ही बाजूंचा भराव लांबपर्यंत एक फुटाने वाढवायचा. माती, मजुरी, दगड, सगळ्याचा खर्च. बंडी आरामात जात असताना हा खर्च कोणी करावा? त्यांचा हिशेब त्यांच्या काळाला धरून बरोबर होता. त्यांनी चूक केली असे मला वाटत नाही. चूक पुढच्या पिढ्यांची आहे, कारण बंडी गेली आणि ट्रक आला तरी पुलाखालच्या जागेचा विचार रस्त्याच्या विचारात कधी मिसळलाच नाही.

मोटारगाड्यांसाठी देशभराचा पहिला कायदा १९१४ सालचा, त्यानंतरचा मोठा १९३९ सालचा. रस्त्यांचा एकत्रित विचार व्हावा म्हणून १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींतून १९३४ मध्ये रस्त्यांची मानके ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. आणि १९४३ मध्ये देशभरातल्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली ती याच शहरात. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्राम रस्ते ही विभागणी त्या परिषदेने घालून दिली आणि ती योजना आजही ‘नागपूर प्लॅन’ म्हणूनच शिकवली जाते. भारतातल्या रस्त्यांचे पहिले मोठे नियोजन नागपुरात झाले, ही गोष्ट इथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असायला हवी. पण त्या योजनेचा भर रस्त्यांच्या लांबीवर होता. गाव रस्त्यापासून किती दूर असावे, शंभर चौरस मैलांमागे किती मैल रस्ता हवा, हा त्या वेळचा खरा प्रश्न होता. रस्त्याच्या वर किती मोकळी जागा हवी, ही काळजी नंतरची.

ती नियमात नेमकी उतरली १९७४ मध्ये. रोड्स काँग्रेसच्या ५४ क्रमांकाच्या मानकाने सांगितले की पुलाखालून वाहने जायची असतील तर ग्रामीण भागात किमान ५ मीटर आणि शहरी भागात ५.५ मीटर उभी जागा मोकळी हवी. शहरात अर्धा मीटर जास्त मागितला तो डबलडेकर बस जावी म्हणून. रस्ता पुन्हा पुन्हा डांबरला जाणार, तो वर येणार, हेही मानकाने गृहीत धरले होते. नागपूरला रेल्वे आली ते वर्ष आणि हे मानक यांच्यामध्ये १०७ वर्षांचे अंतर आहे. मानक नव्या पुलांना लागू झाले. जुने पूल जिथे होते तिथेच, जेवढे होते तेवढेच राहिले.

इकडे वाहन वाढत गेले. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सर्वसाधारण वाहनाची कमाल उंची ३.८ मीटर आणि डबलडेकरची ४.७५ मीटर धरली होती. २०२० मध्ये नियम बदलला. मालट्रकला ४ मीटर आणि कंटेनर वाहून नेणाऱ्या गाडीला ४.५२ मीटरपर्यंत मुभा मिळाली. कंटेनरचा हिशेब सोपा आहे. साधा कंटेनर साडेआठ फूट, म्हणजे सुमारे २.६ मीटर उंच. ‘हाय क्यूब’ म्हणतात तो साडेनऊ फूट, सुमारे २.९ मीटर. ट्रेलरचा पाटा जमिनीपासून दीड मीटर असेल तर हाय क्यूब चढवल्यावर एकूण ४.४ मीटर. गाडी पूर्णपणे नियमात, कागदपत्रे चोख, आणि तरी जुन्या पुलाखाली ती मावत नाही. कंटेनर डेपोतून बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीकडे जाणाऱ्या ड्रायव्हरला म्हणून रस्ता निवडूनच घ्यावा लागतो. जो रोजचा आहे त्याला ते ठाऊक असते. परराज्यातून पहिल्यांदा आलेला मोबाइलवरचा नकाशा बघून वळतो, आणि तो नकाशा बहुधा कारचा विचार करून रस्ता सांगत असतो.

वाहनापाठोपाठ रस्ताही वर येत गेला, आणि मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हेच. डांबराचा नवा थर पडला की रस्ता चार-पाच सेंटिमीटर वर येतो. जुना थर खरवडून काढला नाही तर काही फेऱ्यांत वीत-वीत उंची सहज जाते. नागपुरात गेल्या काही वर्षांत सिमेंटचे रस्ते झाले. रस्ते टिकाऊ झाले हे खरे, पण कित्येक वस्त्यांत घराचा उंबरा रस्त्याच्या खाली गेला आणि पावसाचे पाणी घरात शिरू लागले, ही तक्रार इथे घरोघरी ऐकू येते. घराच्या बाबतीत निदान माणूस ओरडतो. पुलाच्या बाबतीत ओरडणारे कोणी नाही. गर्डरवर रंगवलेला आकडा जुनाच राहतो, खालचा रस्ता मात्र वर आलेला असतो. ड्रायव्हर आकड्यावर विश्वास ठेवतो आणि फसतो.

याशिवाय काही गोष्टी ट्रकवाल्यांनाच कळतात. रिकामा ट्रक भरलेल्या ट्रकपेक्षा उंच असतो, कारण स्प्रिंगचे पाटे मोकळे होतात आणि हौदा वर उचलला जातो. जाताना माल भरून जो पूल पार झाला, त्याच पुलाखाली परतताना टप घासते. पुलाखालचा रस्ता खोलगट असेल तर लांब ट्रेलरची पुढची आणि मागची चाके दोन्हीकडच्या चढावर असतात आणि मधला भाग रस्त्यापासून नेहमीपेक्षा वर राहतो. त्यामुळे फलकावरची उंची पुरेशी असूनही लांब गाडी अडकू शकते. कमानीच्या पुलात तर पुरी उंची फक्त मधोमध मिळते. समोरून गाडी आली म्हणून ट्रक डावीकडे दाबला की कोपरा कमानीला लागलाच. मालाचे प्रकारही बघा. कुटार, तणस, कडबा भरलेल्या गाडीची उंची कागदावर नसते. भरणाऱ्याने जेवढे रचले आणि दोरखंडाने जेवढे आवळले, तेवढी ती. गणेशोत्सवाच्या आधी मूर्तिकारांच्या चितार ओळीतून मोठ्या मूर्ती निघतात तेव्हा मंडळाचे कार्यकर्ते बांबू घेऊन पुढे चालतात, तारा उचलतात, वाट आधीच ठरवतात. ओडीसी म्हणजे अवजड, अवाढव्य माल नेणारेही तेच करतात. कोराडी, खापरखेडा, मौद्याच्या वीजकेंद्रांसाठी ट्रान्सफॉर्मर येतो तेव्हा आधी माणसे जाऊन रस्त्यावरचा प्रत्येक पूल मोजून येतात. रोजच्या ट्रकसाठी हे कोणी करत नाही.

मग पूल उचलून का घेत नाहीत? कारण आगगाडीला चढ सोसत नाही. दोनशेला एक एवढ्या उताराने रूळ एक मीटर उचलायचे तर पुलाच्या प्रत्येक बाजूला दोनशे मीटर रूळ नव्याने बसवावे लागतात. स्टेशनजवळ, जिथे सिग्नल, सांधे आणि फलाट दाटीने आहेत, तिथे हे जवळपास अशक्य. दुसरा उपाय रस्ता खणून खाली घेण्याचा. तो केला की पावसाळ्यात तिथे तळे होते. नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी तुंबल्याच्या बातम्या नागपूरकरांना पाठ आहेत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम शहरात ग्रेगसन रस्त्यावर ११ फूट ८ इंचांचा एक रेल्वेपूल ट्रकांची छपरे सोलण्यासाठी जगभर कुप्रसिद्ध झाला. तिथेही अडचण हीच. वर रुळांचा चढ, खाली सांडपाण्याची मोठी वाहिनी. उंच गाडी ओळखून इशारा देणारे दिवे लावले, सिग्नल लाल केला, शेवटी २०१९ मध्ये पूल आठ इंच उचलला, तरी धडका पुरत्या थांबल्या नाहीत. सिडनीच्या हार्बर टनेलमध्ये उंच वाहन आत शिरू लागले की समोर पाण्याचा पडदा कोसळतो आणि त्यावर थांबण्याची खूण उमटते. फलक न बघणारा माणूसही त्यापुढे ब्रेक दाबतो.

आपल्याकडे रेल्वेची पद्धत हाइट गेजची. विजेच्या तारा असलेल्या फाटकांवर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ४.६७ मीटर उंचीवर आडवा दांडा असतो, म्हणजे जास्त उंच माल तारेपर्यंत पोहोचूच नये. बुटक्या पुलांपुढेही असाच लोखंडी दांडा उभारतात. ट्रक दांड्याला धडकावा, गर्डरला नाही, हा हेतू. हे फार महत्त्वाचे आहे. गर्डर थोडा जरी सरकला तरी वरचा रूळ वाकडा होऊ शकतो, आणि त्या रुळावरून शेकडो माणसे घेऊन गाडी येत असते. म्हणून धडकेनंतर पूल तपासल्याशिवाय गाड्या पूर्ण वेगाने सोडत नाहीत.

बुटके पूल केवळ जुन्या काळाचा वारसा आहेत असे मात्र नाही. जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटके बंद झाली आणि देशभर त्यांतल्या अनेक ठिकाणी ‘मर्यादित उंचीचे’ भुयारी रस्ते आले. नागपूर-छिंदवाडा आणि नागपूर-नागभीड या नॅरोगेज मार्गांच्या रूपांतरातही फाटकाऐवजी पुलाखालचा रस्ता हेच धोरण. फाटकावरचे मृत्यू टळले, याचे मोल मोठे आहे. पण बैलबंडी आणि ट्रॅक्टर जाईल एवढाच बोगदा बांधला तर हार्वेस्टर किंवा कुटाराची गाडी कुठून जाणार, हा प्रश्न शेतकऱ्याला हंगामात पडतोच.

शहराने दुसरी वाट शोधली ती वरून जाण्याची. कामठी रस्त्यावर गड्डीगोदामला आज चार मजली वाहतूक आहे. सर्वांत खाली जुना रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो. उड्डाणपूल २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये खुला झाला आणि उंच गाड्यांना रुळांवरून जायची सोय झाली. खालचा रस्ता मात्र होता तसाच आहे.

कायद्याने दंड जबर केला आहे. ठरलेल्या उंचीपेक्षा वर माल रचला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार २० हजार रुपये, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही. पण नियमात बसणारी ४.४ मीटरची गाडी अडकते तेव्हा दंड कोणाला? गर्डर रेल्वेचा. खालचा रस्ता महापालिकेचा, बांधकाम विभागाचा किंवा महामार्ग प्राधिकरणाचा. डांबर टाकणारा कंत्राटदार वेगळा, फलक रंगवणारा वेगळा. थर पडल्यावर उंची पुन्हा मोजून आकडा बदलण्याचे काम या सगळ्यांच्या मधल्या फटीत पडते.

म्हणून माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे. रस्त्याचे काम पूर्ण झाल्याचा दाखला देण्याआधी पुलाखालची नवी उंची मोजून फलकावर लिहिली गेली पाहिजे. आणि ती मोजायची ती गर्डरच्या सर्वांत खालच्या कडेपासून रस्त्याच्या सर्वांत उंच बिंदूपर्यंत, कमान असेल तर गाडीच्या डाव्या कोपऱ्याच्या रेषेत. दुसरी गोष्ट दांड्याच्या जागेची. पुलाच्या तोंडाशी दांडा असला की ट्रकला मागे वळायला जागाच उरत नाही, मागे रांग लागते आणि ड्रायव्हर घाबरून ‘निघेल’ म्हणत रेटतो. पहिला इशारा आणि पहिला दांडा आधीच्या चौकात हवा, जिथून दुसरा रस्ता धरता येतो. त्या फलकावर पर्यायी मार्गाचे नाव हिंदीतही लिहिलेले असावे, कारण नागपूरवरून जाणारा ट्रक हरियाणाचा असतो, तमिळनाडूचा असतो, छत्तीसगडचा असतो.