पेजर, बंदी आणि व्हॉट्सॲप: ब्रिटिश डॉक्टरांच्या हाती फोन कसा आला

फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्रिटनचे तत्कालीन आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, रुग्णालयांना २०२१ अखेरपर्यंत पेजर (नंबर किंवा छोटा संदेश दाखवणारे खिशातले यंत्र) बंद करण्याचा आदेश दिला. तेव्हा तिथे सुमारे १ लाख ३० हजार पेजर होते. जगातल्या एकूण पेजरांपैकी हे दहा टक्क्यांहून अधिक, आणि वर्षाचा खर्च ६६ लाख पौंड.

तिथले डॉक्टर त्याला 'ब्लीप' म्हणतात. ब्लीप वाजला की हातातले काम टाकून जवळचा फोन गाठायचा आणि आलेला नंबर फिरवायचा. तोवर पलीकडची नर्स दुसऱ्या पेशंटकडे गेलेली असते. तरीही तो टिकला, कारण जाड भिंतींच्या, तळघरातल्या विभागांतही त्याचा संदेश पोहोचतो आणि बॅटरी आठवडेच्या आठवडे चालते. हॅनकॉक यांनीही आणीबाणीसाठी त्याला सवलत ठेवलीच.

दुसरे कारण म्हणजे रुग्णालयांतली मोबाइलबंदी. फोनच्या लहरींनी व्हेंटिलेटर किंवा इन्फ्युजन पंप (शिरेतून ठरावीक वेगाने औषध देणारे यंत्र) बिघडेल, अशी नव्वदच्या दशकात धास्ती होती. १९९७ मध्ये सरकारी यंत्रणेने चाचण्या प्रसिद्ध केल्या. एक मीटरवरून मोबाइलचा परिणाम सुमारे चार टक्के उपकरणांवरच दिसला. आपत्कालीन सेवांच्या वॉकीटॉकींचा त्याच अंतरावरून होणारा त्रास याच्या कितीतरी पट होता. दारावरच्या पाट्यांवर मात्र मोबाइलचेच चित्र राहिले. नियम सैल व्हायला पुढची दहा वर्षे गेली.

२००८ मध्ये ॲप स्टोअर आले आणि औषधांचे डोस, गुंतागुंतीची आकडेमोड खिशात आली. पाठोपाठ व्हॉट्सॲप आले. ते डॉक्टरांनी स्वतःच, स्वतःच्या फोनवर सुरू केले. रुग्णालयाने दिलेले नव्हते. प्रशासनाने बराच काळ तिकडे काणाडोळा केला असेच म्हणावे लागेल. रुग्णालयांसाठी खास बनवलेली ॲपही होती. वेस्ट सफोक रुग्णालयातल्या २०१७ च्या प्रयोगात अशा ॲपमुळे कनिष्ठ डॉक्टरांची दर पाळीत ४८ मिनिटे वाचल्याचे आढळले.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे व्हॉट्सॲपच्या वापराला अधिकृत मुभा मिळाली. भारतातही त्याच महिन्याच्या २५ तारखेच्या टेलिमेडिसिन नियमावलीत सल्ल्याचे एक माध्यम म्हणून व्हॉट्सॲपचे नाव आले.

मुभा होती, पण सरसकट नव्हती. स्कॉटलंडमधल्या एनएचएस लॅनार्कशायरच्या २६ कर्मचाऱ्यांनी व्हॉट्सॲपच्या एका गटात दोन वर्षांत पाचशेहून अधिक वेळा रुग्णांची माहिती टाकली. त्यात नावे, पत्ते, फोन नंबर होते, काही छायाचित्रेही. त्या गटात चुकून एक बाहेरची व्यक्तीही जोडली गेली होती. २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये खासगी माहितीच्या संरक्षणावर देखरेख करणाऱ्या माहिती आयुक्तांनी संस्थेला लेखी ताकीद दिली. दंड केला नाही.